कमला खान : एका नवख्या वाचकाचे आकलन

सुपरहिरोची ग्राफिक कादंबरी म्हणजे मुलांची करमणूक, असा प्रस्तुत लेखकाचा ग्रह होता. ‘मिस मार्व्हल’चा पहिला खंड वाचल्यावर तो टिकला नाही. २०१४ साली सुरू झालेल्या या मालिकेचे लेखन जी. विलो विल्सन यांचे व चित्रे एड्रियन अल्फोना यांची आहेत. २०१५ साली या खंडास ह्यूगो पुरस्कार मिळाला. नायिका कमला खान ही जर्सी सिटीतील पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील सोळा वर्षांची मुलगी.

नवख्याची पहिली अडचण वाचनाचीच. सवयीने नजर फुग्यांतील संवादांवरून धावते व चित्र मागे राहते. दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत काय घडले, ते वाचकानेच जोडायचे असते, हे काही पानांनंतर उमगते. दुसरी अडचण मात्र पुस्तकाची. कमलाला शक्ती देणारे धुके आले कोठून, हे इतर मालिका वाचलेल्यांनाच नीट कळते. गोष्टही मध्येच थांबते. हा दोष मान्य करावा लागेल.

शक्ती मिळताच कमला आपल्या आदर्श नायिकेचे, सोनेरी केसांच्या कॅरल डॅन्व्हर्सचे रूप घेते. पण त्या रूपात ती अवघडते. आपली टवाळी करणारी मुलगी बुडू लागते, तेव्हा तिला अब्बू नेहमी सांगतात ती, एका जिवाच्या रक्षणाचे मोल सांगणारी कुरआनची आयत आठवते. पुढे ती बुर्किनीपासून स्वतःचा पोशाख तयार करते. परक्या रूपाकडून स्वतःच्या रूपाकडे होणारा हा प्रवासच कथेचा खरा विषय होय.

मुसलमान म्हणजे एकच साचा, ही समजूत येथे मोडते. भाऊ आमिर नमाजात इतका गुंतलेला की अब्बूच त्याला टोकतात. मैत्रीण नाकिया वडिलांना नको असूनही स्कार्फ बांधते. तथापि आरंभी धर्म बहुतांशी मनाईंच्या रूपातच येतो, आणि अम्मींच्या वाट्याला पुष्कळदा अडवण्याचेच काम येते. हा तोल अधिक सांभाळता आला असता.

आपल्या विद्यार्थिनींना पाठ्यपुस्तकात मुसलमान मुलगी भेटते ती बहुधा ईदच्या धड्यात. कमला मात्र चुकते, खोटे बोलते, पस्तावते व पुन्हा उभी राहते. म्हणूनच हा खंड ग्रंथालयात ठेवण्याइतकाच वर्गात चर्चेस घेण्याजोगा आहे. मात्र शिक्षकाने आधी तो स्वतः, चित्रांसह, सावकाश वाचावा.