‘विसंवाहक’ : एका संज्ञेची चिकित्सा

बाळापूर तालुक्यातील पारसच्या औष्णिक विद्युत्-केंद्रातून निघणाऱ्या तारा मनोऱ्यांना ज्या तबकड्यांच्या आधारे टांगतात, त्यांस ‘निरोधक’ म्हणणे सर्वथा युक्त होय. ‘-क’ हा प्रत्यय कर्तृवाचक. आणि विजेला अडविणे हे तबकडीला नेमून दिलेले कामच आहे. परंतु ‘विसंवाहक’ या शब्दात हाच प्रत्यय पदार्थाला लागला की त्याचा एक गुण जणू जन्मस्वभाव ठरतो. इंग्रजीत वस्तू व पदार्थ या दोहोंस एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, तरी ते सरसकट एकमेकांच्या जागी घातले जातात.

यातून होणारी हानी केवळ शब्दांची नाही. निकेल ऑक्साइड हे पट्टसिद्धांतानुसार वाहक असावयास हवे, पण तसे नाही, हे द बोअर व फेर्वे यांनी १९३७ मध्ये निदर्शनास आणले. इलेक्ट्रॉनांचे परस्परप्रतिसारण त्यांस आपापल्या अणूपाशी खिळवून ठेवते, असे विवेचन पुढे मॉट यांनी केले. कॅल्शियम रुथेनेट याच कुळातले. सामान्य तापमानास दर सेंटिमीटरला सुमारे ४० व्होल्ट इतक्या अल्प क्षेत्रानेही ते धातुरूप होते, असे जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. स्फटिकातील चपटे अष्टफलक लांबट होतात, ऊर्जेची फट मिटते; प्रवाह थांबला की विसंवाही अवस्था परतते. तबकडीचा विद्युत्-भंग ही निराळी घटना : तडकलेली चिनी माती पूर्ववत् होत नाही. ‘विसंवाहकाचा भंग झाला’ एवढेच लिहिणारा विद्यार्थी या दोहोंतील भेद गमावतो.

विभक्तीकडेही असेच दुर्लक्ष होते. ‘प्रवाहामुळे संरचना बदलली’ या वाक्यात क्षेत्र, प्रवाह आणि उष्णता ही तिन्ही कारणे दडून राहतात. उपरोक्त प्रयोगात धातुरूप आले ते क्षेत्राने, टिकले ते प्रवाहाने. शिवाय हा पदार्थ नुसता तापविला तरी सुमारे ८४ अंश सेल्सियसला धातुरूप होतो. म्हणून प्रवाहजन्य उष्णतेचा वाटा किती, हा या क्षेत्रातील खरा वाद आहे. ‘-मुळे’ लिहून तो मिटविता येत नाही.

तेव्हा वस्तूस ‘निरोधक’ व पदार्थाच्या स्थितीस ‘विसंवाही अवस्था’ म्हणावे. संज्ञा लांबते, हा आक्षेप येईल. पण ‘वायुरूप अवस्था’ लिहिताना तो कोणी घेतलेला दिसत नाही.