‘ढ’ : एका अक्षराची निंदा

शाळेच्या बोलीत अभ्यासात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणतात. या एकाक्षरी विशेषणाची एक व्युत्पत्ती सुशिक्षितांत विशेष प्रिय आहे. अशोककालीन ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत इतर अक्षरांची वळणे बदलली, ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला; म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’. स्पष्टीकरण चमकदार आहे, आणि संशयाला जागा तेथेच आहे.

त्यातील लिपीविषयक निरीक्षण खोटे नाही. शिरोरेषा वगळली तर दोन्ही ‘ढ’मधील साम्य खरोखर थक्क करणारे आहे. परंतु ‘ट’ आणि ‘ठ’ हेही फारसे बदललेले नाहीत; ब्राह्मी ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ, त्याला पुढे दांडी आली एवढेच. मग हा मान त्यांना का मिळू नये? शिवाय ब्राह्मीचा उलगडा प्रिन्सेपने केला तो १८३७च्या सुमारास. वर्णविकासाचे तक्ते त्यानंतरचे, आणि वर्गातल्या पोरांनी ते पाहून एकमेकांना नावे ठेवली असे मानणे अवघड आहे.

या शब्दाचे मूळ ध्वनीत असणे अधिक संभवते. संस्कृतात ढकारादी शब्द अत्यल्प आहेत. मराठीत मात्र ढिम्म, ढब्बू, ढोबळ, ढिला, ढेपाळणे, ढोर अशी रांगच लागते. जडपणा व सुस्ती यांची छटा त्यांतील बहुतेकांना आहे. ‘ढ’ हा यांपैकी एखाद्याचा संक्षेप असेलच असे नव्हे. साऱ्या कुळाचा भार आद्याक्षरावर साचला असावा. गुजरातीतही ‘ढ’ याच अर्थाने रूढ आहे. (हा वर्ण मूर्धन्य असावा, हा केवळ योगायोगाचा विनोद.)

दोन व्युत्पत्तींमधला भेद केवळ पांडित्याचा नाही. ध्वनीची व्युत्पत्ती इतकेच सांगते की मुलगा इतरांना जड वाटतो. लिपीची व्युत्पत्ती मात्र त्याचे न बदलणे हा दोन हजार वर्षांचा स्वभावधर्म ठरविते. शिकविण्यात काही उणे होते काय, हा प्रश्नच मग उरत नाही. वास्तविक ‘मूर्ख’ माणूस कोठेही मूर्ख असतो, ‘ढ’ला मात्र विषय लागतो: गणितात ढ, इंग्रजीत ढ. तोच मुलगा बाजारात हिशेबाला पक्का असू शकतो. शाळेबाहेर ‘स्वयंपाकात ढ’ असा प्रयोग होतो तेव्हा शब्दाची धार बोथट झालेली असते. बोलणारा बहुधा स्वतःविषयीच बोलत असतो.