आवडत्या पात्राची जात

सिनेमा-टीव्हीतले तुमचे आवडते पात्र कोणते, हा प्रश्न वरवर अगदी निरुपद्रवी वाटतो. रविवारच्या पुरवण्यांत तो विचारला जातो, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात विचारला जातो, आणि उत्तर देणाराही ते हसतहसत देतो. प्रस्थापित समीक्षेने तर त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलेले नाही. आवड ही ज्याची त्याची खाजगी बाब, तिच्याविषयी वाद कसला, असे तिचे म्हणणे. मला हे म्हणणे मान्य नाही. पात्र आवडणे म्हणजे दोन-तीन तास त्याच्या जागी उभे राहायला राजी होणे. ज्याच्या जागी उभे राहिल्याने आपली मान ताठ होते, तेच पात्र माणसाला आवडते. ज्याच्या जागी उभे राहिल्याने मान खाली जाते त्याची कीव येईल, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणीही येईल. पण ते आवडते होणार नाही.

मी वर्गात हा प्रश्न अधूनमधून विचारतो. मुले नायकांची नावे घेतात, खलनायकांची घेतात, गुंडांचीही घेतात. दलित पात्राचे नाव सहसा कोणी घेत नाही. आपल्या वस्तीतून आलेली मुलेही घेत नाहीत. काही कार्यकर्त्यांना याचा राग येतो. मुलांना आत्मभान नाही, असा निष्कर्ष ते काढतात. हा निष्कर्ष उतावळा आहे. पडद्याने या मुलांपुढे उभे राहण्याजोगी जागा किती ठेवली, हे आधी तपासले पाहिजे.

१९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ही कहाणी. देविका राणी आणि अशोककुमार यांच्या या चित्रपटाचे अस्पृश्यतेविरुद्धचे पाऊल म्हणून आजही कौतुक होते. पण तेव्हाचा काळ लक्षात घ्या. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केलेली होती. १९३६ सालीच, लाहोरला करू न दिलेले भाषण त्यांनी स्वतः छापून काढले आणि जातिसंस्थेच्या मुळावरच घाव घातला. त्याच वर्षी पडद्यावरची अस्पृश्य मुलगी काय करते? भांडणाऱ्या दोघा पुरुषांना वाचवण्यासाठी धावत्या गाडीसमोर जाते आणि मरते. ती सुंदर आहे, सुशील आहे आणि शेवटी मेलेली आहे. सवर्ण प्रेक्षकाला तिच्यावर प्रेम करता यावे म्हणून या तिन्ही गोष्टी आवश्यक होत्या.

१९५९ च्या ‘सुजाता’त बिमल रॉय एक पाऊल पुढे जातात, इथे मुलगी जगते. पण कोणत्या अटीवर? ब्राह्मण घरात वाढलेली ही अस्पृश्य पोर आयुष्यभर मान खाली घालून राहते, आणि पाळणाऱ्या आईला रक्ताची गरज पडते तेव्हा नेमके हिचेच रक्त जुळते. मग आईचे मन पालटते. नूतनने ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे की टीका करताना जीभ अडखळते. तरीही प्रश्न उरतोच. तिचे रक्त जुळले नसते तर? तिचे माणूसपण दवाखान्यात सिद्ध व्हावे लागले. १९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी कोणाच्या प्रशस्तिपत्राशिवाय आपले माणूसपण स्वतः जाहीर केले होते. त्याला तीन वर्षे झाली होती, आणि पडदा अजून रक्त तपासत होता.

यानंतर समांतर सिनेमाचा काळ येतो. त्याने वास्तव दाखवले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्यातल्या तीन पात्रांकडे एकत्र पाहा. १९८० च्या ‘आक्रोश’मधला आदिवासी लहान्या भिकू, १९८१ साली सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’मधला दुखी, आणि १९८८ साली दूरदर्शनने दाखवलेल्या ‘तमस’मधला नथ्थू. तिन्ही भूमिका ओम पुरी या एकाच समर्थ नटाने केल्या. तिघांच्याही हातात पाते आहे. ते पाते कोणावर पडते? बायकोवर अत्याचार करून तिला मारणारे मोकळे फिरत असताना, तिच्याच खुनाच्या आरोपाखाली कैदेत असलेला लहान्या बापाच्या चितेजवळ कुऱ्हाड उचलतो, आणि ती आपल्या सख्ख्या बहिणीवर चालवतो. तिच्याही वाट्याला तेच येऊ नये म्हणून. दुखी ब्राह्मणाच्या दारातल्या ओंडक्यावर उपाशीपोटी घाव घालत राहतो. ओंडका फुटत नाही, दुखी मरतो. नथ्थू दुसऱ्याच्या सांगण्यावरून पाच रुपयांसाठी डुक्कर मारतो. ते मशिदीच्या पायरीवर सापडते, शहर पेटते, आणि जळत राहतो नथ्थूच. घाव कधीच योग्य ठिकाणी पोचत नाही. दिग्दर्शकांना अन्याय दिसत होता, पण अन्याय सोसणाऱ्याचा हात नेमका कोठे जाईल हे त्यांना दिसत नव्हते. किंवा दाखवायचे नव्हते. लहान्या तर जवळजवळ सबंध चित्रपटभर बोलतच नाही. त्याच्या वतीने बोलायला वकील आहे, आणि त्या वकिलाचे नाव भास्कर कुलकर्णी आहे.

‘सद्गती’त मात्र एक जागा अशी आहे की जिच्याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. दुखी मेल्यावर त्याच्या वस्तीतले लोक प्रेत उचलायला येत नाहीत. शेवटी पायाला दोरीचा फास टाकून ब्राह्मणाला स्वतः ते ओढत न्यावे लागते. सगळे लिहिणारे प्रेताच्या विटंबनेवर थांबतात, आणि ती भीषण आहेच. पण जे आले नाहीत त्यांचे काय? मेलेले ओढायचे काम आमचे नाही, हा निर्णय त्या वस्तीने घेतला. १९२७ च्या महाडनंतर मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडणाऱ्या गावोगावच्या आपल्या वाडवडिलांचा हाच निर्णय होता. त्या चित्रपटात मला कोणी आवडत असेल तर ती ही न आलेली माणसे. दुर्दैवाने कॅमेरा त्यांच्यापाशी फार वेळ थांबत नाही.

मग त्या काळातल्या आपल्या तरुणाने कोणाला आपला मानले? विजयला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७३ साली ‘जंजीर’ आणि १९७५ साली ‘दीवार’ आला. ‘दीवार’मधला लहान विजय रस्त्यावर बूटपॉलिश करतो आणि फेकलेले पैसे उचलायला नकार देतो, हातात द्या म्हणतो. त्या एका नकारासाठी झोपडपट्टीतल्या पोरांनी ‘दीवार’ पुन्हा पुन्हा पाहिला. वरून टाकलेले घ्यायचे नाही, ही आपली शतकांची जखम होती आणि आपला ताजा निर्धारही होता. पण पाहा काय घडले. काम आपले घेतले, नकार आपला घेतला, आणि त्या मुलाला जात मात्र दिली नाही. वर्मा हे आडनाव जातीचा पत्ता लागू देत नाही. रागाला जात नसली की तो सर्वांना चालतो. पँथरचा राग चालत नव्हता, कारण तो जातीचे नाव घेऊन बोलत होता. विजय आवडला यात आपल्या तरुणांचे काही चुकले नाही. ते त्याच्या जागी उभे राहू शकत होते. लहान्याच्या जागी राहू शकत नव्हते.

२००१ च्या ‘लगान’ने दलित पात्राला क्रिकेटच्या संघात घेतले. त्याचे नाव कचरा. गावकरी त्याला शिवायला तयार नसतात. नायक भुवन भाषण करतो, गावकरी वरमतात, आणि कचरा आपल्या अधू हाताने चेंडू वळवून गडी बाद करतो. इथेही ‘सुजाता’चाच हिशेब आहे. उपयोग सिद्ध झाला म्हणून प्रवेश मिळाला. ज्या हाताने चेंडू वळत नाही त्या हाताचे काय? आणि एवढे सगळे आपल्याविषयी चालले असताना कचरा स्वतः काय म्हणतो? जवळजवळ काहीच नाही. २०२३ च्या पर्यावरणदिनी एका कंपनीने याच कचऱ्याला जाहिरातीत घेतले आणि टाकाऊ मालापासून झालेल्या वस्तू म्हणून दाखवले. कोठे दिवा, कोठे टेबल. निषेध झाला, जाहिरात मागे घेतली गेली. पण जाहिरात करणाऱ्यांना हे सुचले कसे? पात्राला भाषा दिली नाही की त्याची वस्तू करणे सोपे जाते.

‘कचरा’ या नावावर थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे कचरू, धोंडू, दगडू ही नावे ठेवली जातात. मूल जगत नसले की आई मुद्दाम असे नाव ठेवते, म्हणजे मृत्यूचीही नजर त्याच्यावर पडू नये. त्या नावामागे आईची माया असते. २०१३ साली आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मधल्या बापाचे नाव कचरू आहे, आणि किशोर कदम यांचा तो कचरू गावापुढे वाकलेला असला तरी त्याला घर आहे, कर्ज आहे, मुलीच्या लग्नाची चिंता आहे, पोरावर ओरडणारा आवाज आहे. कचरा आणि कचरू यांच्यातले अंतर हे बाहेरून दिलेले नाव आणि घरातून आलेले नाव यांतले अंतर आहे.

आणि या कचरूचा मुलगा जब्या. माझे आवडते पात्र कोणते असे कोणी मला विचारले तर मी जब्याचे नाव घेईन. त्याचे कारण मात्र नेहमी सांगितले जाते ते नाही. ‘फँड्री’ म्हटले की सारे जण शेवटच्या दगडाविषयी बोलतात. मला जब्या त्या दगडाच्या फार आधी आवडू लागतो. त्याला जीन्स हवी आहे. आपले नाक सरळ व्हावे म्हणून तो त्याला चिमटा लावतो. वर्गातली शालू त्याला आवडते, आणि तिच्यासाठी तो काळी चिमणी शोधत रानोमाळ हिंडतो. आपल्या मुलाला पडद्यावर भूक दिली गेली होती, अपमान दिला गेला होता. हौस कोणी दिली नव्हती. सोमनाथ अवघडेने उभा केलेला हा पोरगा आधी हौशी आहे, मग अपमानित आहे. म्हणूनच त्याचा अपमान आपल्याला झोंबतो. डुक्कर पकडायला गावासमोर उतरायचे, तेही शालूच्या देखत, या लाजेने तो लपत राहतो. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते तेव्हा सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि हाताशी आलेले डुक्कर निघून जाते. मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बाप-लेक शाळेच्या भिंतीवरून जातात तेव्हा त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. दिग्दर्शक यावर भाष्य करत नाही. गरजही नाही.

आता त्या दगडाविषयी. श्याम बेनेगल यांच्या १९७४ च्या ‘अंकुर’मध्येही शेवटी एक मुलगा दगड मारतो आणि जमीनदाराची काच फुटते. तो मुलगा कोण, त्याच्या मनात काय आहे, हे आपल्याला कळत नाही. तो दिग्दर्शकाच्या आशेचा दगड होता. एकोणचाळीस वर्षांनी जब्याने मारलेला दगड त्याचा स्वतःचा आहे, कारण तो दगड उचलण्यापूर्वीचे त्याचे सारे आयुष्य आपण पाहिले आहे. तो दगड प्रेक्षकांच्या अंगावर येतो असे लिहिले गेले. कोणत्या प्रेक्षकांच्या? थिएटरात बसलेल्या वस्तीतल्या मुलाच्या अंगावर तो येत नाही. त्याच्या हातातून तो सुटतो. एकाच दृश्याने एकाच अंधारात बसलेल्या प्रेक्षकांचे दोन भाग पाडले. कोणाची आवड कोठून येते हे त्या क्षणी उघडे पडले.

जब्यानंतर वाट थोडी रुंद झाली. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’मधला शाहीर नारायण कांबळे वीरा साथीदार यांनी केला. गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला, आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त केले म्हणून खटला भरला गेला तो शाहिराच्या गाण्यावर. जामिनावर सुटल्यावर हा म्हातारा घरी बसत नाही, पुन्हा डफ-माइकपाशी उभा राहतो. लहान्यापाशी भाषा नव्हती. नारायणपाशी इतकी आहे की सत्तेला तिच्यावर कलमे लावावी लागतात.

२०२१ च्या ‘अजीब दास्तान्स’मधली नीरज घायवान यांची ‘गीली पुच्ची’ ही कथा मात्र आपल्या कार्यकर्त्यांना अडचणीत टाकते. कारखान्यात यंत्रावर काम करणारी भारती मंडल पात्रता असूनही टेबलावरच्या नोकरीपासून दूर ठेवली जाते. ती जागा प्रिया शर्माला मिळते. दोघींत जवळीक होते. पण जात कळल्यावर प्रियाचा सूर बदलतो. तिच्या घरी भारतीला वेगळ्या स्टीलच्या पेल्यात चहा मिळतो. भारती रडत नाही, ओरडत नाही. ती डाव आखते, प्रिया घरी बसेल अशी व्यवस्था करते आणि ती खुर्ची मिळवते. कोंकणा सेन शर्माच्या चेहऱ्यावर तेव्हा विजय नसतो, हिशेब असतो. एका मित्राने मला विचारले, ही कपटी बाई आपले आवडते पात्र कशी होणार? दलित पात्र आदर्शच असले पाहिजे.

या आग्रहाशी माझा वाद आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले तेव्हाही, हे असले कशाला उघड्यावर मांडायचे, असे आपल्यातलेच काही म्हणाले होते. चांगुलपणाची सक्ती ही सुजाताची बेडी होती. ती आपणच आपल्या पात्रांच्या पायांत पुन्हा घालायची का? विजय तस्कर होतो तरी तो सर्वांना आवडतो. मग भारतीकडेच चारित्र्याचा दाखला का मागायचा? माणूस हा दलित जाणिवेचा केंद्रबिंदू आहे असे आपण म्हणतो. माणूस म्हणजे हौस, लोभ, भय, डाव हे सगळे आले. निष्कलंक असण्याच्या अटीवर मिळणारी सहानुभूती ही वरून फेकलेल्या पैशांसारखीच आहे.

शिक्षक मित्रांना माझी एक सूचना आहे. आवडत्या पात्राचा प्रश्न वर्गात जरूर विचारा, आणि त्याला तीन प्रश्न जोडा. या पात्राला नाव कोणी दिले? त्याच्या वतीने कोण बोलते? आणि त्याने उचललेला हात कोणावर पडतो? मुले सिनेमावर बोलता बोलता समाजावर बोलू लागतील. आपल्या वस्तीतली मुले त्यानंतरही कदाचित नायकाचेच नाव घेतील. घेऊ द्या. पण त्यांतला एखादा असे म्हणेल की मला आवडेल असे पात्र अजून कोणी लिहिलेलेच नाही. त्या मुलाला वही द्या आणि लिहायला बसवा.