पंचवटीचा हेमंत आणि चैत्राचे हृदय : निसर्गसहवासाच्या मराठी आकलनासंबंधी काही विचार

बीजसंज्ञा : निसर्गसहवास, ऋतुवर्णन, ललित गद्य, 'ऋतुचक्र', श्रम, अध्यापन

प्रस्तावना

निसर्गाच्या सान्निध्यात काही काळ घालविल्याने मन निरोगी होते व व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो, हे विधान आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. त्याला शास्त्रीय आधारही आहे. रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, असे त्यात आढळले. जपानमध्ये 'शिनरिन-योकु' म्हणजे 'वनस्नान' ही संज्ञा १९८२ मध्ये शासकीय पातळीवर रूढ करण्यात आली. रॅचेल व स्टीफन कॅपलन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात थकलेल्या अवधानाला निसर्गात विश्रांती मिळते असा सिद्धान्त मांडला.

या संशोधनाचे मूल्य नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न निर्माण होतो तो ही भाषा साहित्याच्या वर्गात येते तेव्हा. निसर्गविषयक ललित लेख शिकविताना 'निसर्ग मनाला ताजेतवाने करतो' हे आशयसूत्र फळ्यावर लिहिले जाते, विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि पाठ संपतो. लेखनातील झाड, पक्षी, महिना यांचे काम जणू वाचकाचा ताण हलका करणे एवढेच असते. मराठी निसर्गलेखनातील उत्तम कृतींची साक्ष मात्र निराळी आहे. त्यांच्यात माणूस वाढतो हे खरे. परंतु तो वाढतो स्वतःकडे पाहणे काही काळ थांबविल्यामुळे, आणि त्या वाढीला सुख असेच नाव देता येते असे नाही. नाशिक परिसराच्या संदर्भात या साक्षीचा विचार येथे केला आहे.

पंचवटीतील एक पहाट

नाशिकची पंचवटी हीच रामायणातील पंचवटी होय, ही परंपरागत श्रद्धा आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा वाद येथे अप्रस्तुत आहे. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की वाल्मीकींच्या अरण्यकांडातील सोळाव्या सर्गात गोदावरीकाठच्या हेमंत ऋतूचे सविस्तर वर्णन येते, आणि ते लक्ष्मणाच्या मुखी आहे. राम व सीता पहाटे स्नानासाठी नदीकडे निघाले आहेत. हातात कलश घेऊन लक्ष्मण मागून चालला आहे आणि चालता चालता बोलतो आहे. पाणी नकोसे व अग्नी हवासा वाटतो. श्वासाने धुरकटलेल्या आरशासारखा चंद्र फिका पडला आहे. तहानलेला रानहत्ती थंड पाण्याला सोंड लावून ती चटकन मागे घेतो. पाणपक्षी काठाशी बसून आहेत, पण युद्धात उतरण्यास कचरणाऱ्या भेकडांप्रमाणे पाण्यात शिरत नाहीत. हे सारे पाहणाऱ्या डोळ्याचे आहे. सांकेतिक वर्णनाचा भाग त्यात नाही असे नव्हे. पण हत्तीची सोंड संकेतातून आलेली नाही.

यानंतर जे घडते ते महत्त्वाचे. थंडीचे वर्णन करता करता लक्ष्मणास भरताची आठवण होते. याच प्रहरी तोही शरयूवर स्नानास निघाला असेल. राज्य असून तो जमिनीवर निजतो, मोजके खातो. त्याला ही थंडी कशी सोसत असेल? अंगाला झोंबणाऱ्या गारठ्यातून लक्ष्मण दूरच्या दुसऱ्या एका माणसाच्या गारठ्यापर्यंत पोचतो. ऋतूकडे लक्षपूर्वक पाहण्यातून आत्मविकास होतो असे म्हणावयाचे असेल तर त्याचे इतके नेमके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. पण लक्ष्मणाचे मन यामुळे शांत मात्र होत नाही. भरताच्या आठवणीपाठोपाठ कैकेयीवरचा राग उफाळून येतो. तेव्हा राम त्याला थांबवितो : मधल्या मातेची निंदा करू नकोस, भरताविषयीच बोल. रागाला आवर घालण्याचे काम गोदावरीने केलेले नाही, अरण्यानेही नाही. ते थोरल्या भावाने केले आहे. निसर्ग संवेदना जागी करतो, तिचे पुढे काय करावयाचे हे माणसांनी ठरवावयाचे असते, असा विवेक या सर्गात सहजपणे पाळला गेला आहे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. याच्या लगेच पुढच्या सर्गात शूर्पणखा येते, आणि तिच्या नाक कापण्याच्या प्रसंगावरून 'नाशिक' हे नाव पडले असे लोकव्युत्पत्ती सांगते. शहराने आठवण जपली ती त्या प्रसंगाची; त्याआधीच्या पहाटेची नाही.

'ऋतुचक्र' : नाव ठेवणे आणि नाव देणे

दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या शालेय शिक्षणाचा काही काळ नाशिकमध्ये गेला. त्यावरून त्यांच्या निसर्गदृष्टीचे मूळ या शहरात शोधणे अतिशयोक्तीचे होईल. १९५६ चे 'ऋतुचक्र' हे प्रौढ वयातील, मुंबईसारख्या महानगरात वास्तव्य असलेल्या विदुषीचे पुस्तक आहे. मध्य प्रदेशातील गोंडांमध्ये संशोधन करीत असताना विषारी सुरण खाण्यात आल्यामुळे दुर्गाबाई दीर्घकाळ अंथरुणास खिळल्या व पीएच.डी.चे काम सुटले, ही घटना त्यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. आजारातून निसर्गाकडे, निसर्गाकडून आरोग्याकडे अशी सोयीची कथा येथे सहज रचता येते. पुस्तक मात्र त्या कथेला थारा देत नाही. त्याची रचना आत्मचरित्राची नसून महिन्यांची आहे. लेखिकेची प्रकृती, तिची मनःस्थिती, तिला झालेला लाभ हे त्याचे विषय नव्हेत; चैत्र, वैशाख, ज्येष्ठ हे विषय आहेत.

पाठ्यपुस्तकामुळे परिचित झालेल्या 'वसंतहृदय चैत्र' या लेखाकडे या दृष्टीने पाहावे. त्यात पिंपळाची कोवळी पालवी आहे, मधुमालती आहे, आणि मधुमालतीइतक्याच आस्थेने पाहिलेली घाणेरी आहे. उग्र वासाच्या, काटेरी, कोणी न लावलेल्या या झुडपाच्या फुलांतील रंगसंगती लेखिका निरखते, आणि मराठीने त्याला घाणेरी म्हणून नावे ठेवली तरी उत्तरेकडे त्याला 'राईमुनिया' असे गोड नाव आहे याची आठवण देते. या एका ठिकाणी पुस्तकाची सारी रीत दिसते. एका भाषेच्या सवयीने जे तुच्छ ठरविले ते दुसऱ्या भाषेच्या मदतीने पुन्हा पाहावयाचे. म्हणजे पाहणाऱ्याने स्वतःच्या अभिरुचीवर संशय घ्यावयाचा. येथे मनाला विश्रांती नाही, काम आहे. वाचक प्रसन्न होत असेलही, पण त्याआधी त्याच्या एका पूर्वग्रहाला धक्का बसतो.

आजच्या वाचकासमोर याच ठिकाणी आणखी एक अडचण उभी राहते. घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून भारतीय वनांतील अत्यंत आक्रमक परकीय वनस्पतींपैकी एक आहे. देशी झुडपे व गवत यांची जागा ती व्यापते. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक आणि मराठीचा अध्यापक यांनी हा परिच्छेद एकाच वर्गात शिकवावयाचा ठरविला तर दोघांचा वाद होईल, आणि तो व्हावा. दुर्गाबाईंची सौंदर्यदृष्टी परिस्थितिविज्ञानाच्या कसोटीला येथे उतरत नाही, हे मान्य करण्यात त्यांचा अधिक्षेप नाही. झाडाकडे पाहावयास त्यांनीच शिकविले म्हणून तर हा आक्षेप घेता येतो.

खोपा आणि औदुंबर

'ऋतुचक्रा'ची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. त्यातील चैत्र हा पाहणाऱ्याचा चैत्र आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक असलेल्या आणि आदिवासींमध्ये राहिलेल्या या लेखिकेला श्रमाचे जग अपरिचित नव्हते. परंतु या पुस्तकाच्या कलारूपात ते तुलनेने मागे राहिले आहे. त्याच्या चारच वर्षे आधी, १९५२ मध्ये, बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कविता सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. खानदेशातील असोदे गावी जन्मलेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीने 'निसर्गात वेळ घालविला' असे म्हटले तर ते हास्यास्पद ठरेल. तिचा सारा वेळच तेथे होता आणि तो कामाचा होता. झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा ती पाहते तेव्हा तिचे लक्ष प्रथम कारागिरीकडे जाते. साधन म्हणून पाखराजवळ इवलीशी चोच तेवढी आहे, आणि माणसाजवळ दोन हात व दहा बोटे आहेत, हा तिचा हिशेब एका कष्टकऱ्याने दुसऱ्या कष्टकऱ्याच्या कामाचा केलेला हिशेब आहे. निसर्गाकडून शिकणे याचा अर्थ येथे हात अधिक शहाणे होणे असा आहे. 'ऋतुचक्र' आणि 'बहिणाबाईंची गाणी' ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे 'निसर्गसहवास' या शब्दातील 'सहवास' कोणाचा, आणि तो किती तासांचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

त्याच खानदेशात, धरणगाव येथे, १८९० मध्ये बालकवी ठोमरे यांचा जन्म झाला. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला, वय सत्तावीस. शाळेत 'आनंदी आनंद गडे' आणि 'फुलराणी' शिकविली जाते. त्यामुळे बालकवी म्हणजे निसर्गातील आनंद असे समीकरण पक्के झाले आहे. मराठी कवींमध्ये निसर्गाशी त्यांच्याइतकी एकरूपता क्वचितच कोणी साधली असेल. तरीही 'पारवा', 'खेड्यातील रात्र', 'उदासीनता' या कविता त्याच लेखणीच्या आहेत. 'औदुंबर' मध्ये हिरवळ, झरा, पायवाट हे सारे प्रसन्न दृश्य ज्या डोहाशी येऊन थांबते त्या काळोख्या पाण्याचा अर्थ लावताना समीक्षकांच्या पिढ्या अडखळल्या. निसर्गाची मात्रा वाढविली की खिन्नता उतरते, हे सूत्र खरे असते तर बालकवींना खिन्नतेची बाधा व्हावयास नको होती. त्यांच्या बाबतीत निसर्गाने खिन्नता दूर केली नाही. तिला रूप दिले. कवीच्या दृष्टीने हे थोडे नव्हे. परंतु एखाद्या उदास विद्यार्थ्याला 'जरा डोंगरावर फिरून ये' असा सल्ला देताना या कवितांचे भान असलेले बरे.

नाशिकचा वर्ग

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यासाचा सहामाही अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला, त्यास दोन दशके होऊन गेली. क्षेत्रभेट व प्रकल्प हे त्याचे अंग आहे. नाशिक जिल्ह्याइतकी क्षेत्रभेटीची समृद्धी क्वचितच कोठे असेल : अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर आणि निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवा संगमावरील बंधाऱ्याच्या फुगवट्यात गाळ साचून झालेली ही पाणथळ जागा १९८६ मध्ये अभयारण्य झाली आणि २०१९ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आली. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित बदके उतरतात आणि त्याच पहाटे, त्याच तालुक्यातील द्राक्षबागाईतदार थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून जागत असतात. पक्षी पाहावयास गेलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत बदकांची नावे येतात. शेकोट्या येत नाहीत. लक्ष्मणाच्या हेमंतवर्णनात दोहोंना जागा झाली असती.

शिवाय वर्गात बसलेले विद्यार्थी एका जातकुळीचे नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आलेल्या मुलामुलींना जंगल हे भेट देण्याचे ठिकाण नव्हे. भरपूर पावसाच्या या डोंगराळ पट्ट्यात चैत्र-वैशाखात पाण्याची टंचाई होते आणि हंडे घेऊन बायकांना दूरवर जावे लागते. त्याच दिवसांत पहाटे मोहाची फुले वेचली जातात. यांच्यापैकी अनेकांची कुटुंबे हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात. अशा विद्यार्थिनीला 'वसंतहृदय चैत्र' शिकविताना 'निसर्ग ताण घालवितो' हे आशयसूत्र दिले तर ती ते परीक्षेत लिहील, पण त्याच्याशी तिचा संबंध राहणार नाही. याउलट 'तुमच्या गावचा चैत्र कसा असतो, तेथे कोणत्या झाडाला कोण काय नावाने हाक मारते' असे विचारले, तर दुर्गाबाईंची घाणेरी-राईमुनियाची रीत तिला चटकन उमगेल. कदाचित अध्यापकाला ठाऊक नसलेली नावे तीच सांगेल. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत हेच केले. नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून आणि रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी शब्द गोळा केले, आणि मराठीतील पक्ष्यांचा कोश त्यातून समृद्ध झाला. अधिकाऱ्याने शिष्य होण्याचा हा प्रकार व्यक्तिमत्त्व विकासाच्या कोणत्याही शिबिरात शिकविता येणारा नाही.

२०२५ च्या अखेरीस, आगामी सिंहस्थासाठी साधुग्राम उभारताना तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला नाशिककरांनी मोठा विरोध केला. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः झाडांच्या संख्येची, वयाची आणि त्यांच्या मोबदल्यात लावावयाच्या रोपांची. प्रशासनाच्या व न्यायालयाच्या दृष्टीने ती भाषा आवश्यकच असते. मराठीच्या अध्यापकाकडे मात्र आणखी एक भाषा आहे, आणि ती वापरण्यासाठी त्याला तपोवनापर्यंत चालत जावे लागेल. मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी विद्यार्थ्यांना घेऊन अरण्यकांडाचा तो सर्ग तेथेच, गोदा-कपिला संगमाच्या काठी, मोठ्याने वाचावयाचा. वाचून झाल्यावर नदीचे पाणी कसे आहे, काठी कोण कोण आहे आणि त्यांपैकी कोणाला थंडी वाजते आहे, हे ज्याचे त्याने वहीत लिहावयाचे.