संशोधन आणि उकरणे : शोधवाचक शब्दांतील मूल्यभेद

'धांडोळा', 'मागोवा', 'उत्खनन', 'उकरणे' हे शब्द कोशात पर्याय म्हणून शेजारी बसतात; वापरात मात्र ते शोधणाऱ्याच्या हेतूचाही निवाडा करतात. मागोवा घेणारा मागावर चालतो, धांडोळा घेणारा सारा साठा पालथा घालतो. जुने भांडण मात्र 'उकरून' काढले जाते, त्याचे उत्खनन होत नाही.

'शुध्' धातूपासून आलेल्या 'संशोधन' या शब्दाचा मूळ अर्थ शुद्धीकरण. मराठीने तो ज्ञानव्यवहाराकडे वळवला. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या नावात तोच अर्थ आहे. हिंदी व बंगालीत तो दुरुस्तीच्या अर्थी रूढ झाला. त्यामुळे हिंदीतील 'संविधान संशोधन' मराठीत 'घटनादुरुस्ती' ठरते.

दिवंगत लेखकाची खासगी पत्रे चाळणारा समीक्षक संशोधन करतो की उकरतो, हा प्रश्न चरित्रात्मक समीक्षेच्या नीतीचा आहे आणि त्याचे उत्तर बहुधा क्रियापदाच्या निवडीतच दिलेले असते. अनुवादकाने दोहोंसाठी एकच शब्द योजला, तर मूळ वाक्यातील आरोपच नाहीसा होतो. तौलनिक अभ्यासाने समानार्थी शब्दांची यादी करून थांबू नये. त्यांत दडलेला निवाडाही नोंदवावा.