चक्कीनामा, ओवी आणि लिपीची भिंत

विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जपलेले लोकसाहित्य ‘पॉडकास्ट’च्या, म्हणजे ऐकण्याच्या मालिकांच्या, रूपाने लोकांपर्यंत नेण्याची पद्धत आता जगात रूढ होत आहे. मराठीत या जातीचे सर्वांत मोठे काम म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने, म्हणजे ‘पारी’ने, त्यांतल्या ओव्या आवाजासह लोकांपुढे ठेवल्या.

या कामाची थोरवी मला त्याच्या छोट्या नोंदीत दिसते. ओवीखाली गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, वय, जात, मुले, व्यवसाय हे सारे येते. आपल्याकडे लोकगीत म्हटले की ‘कवी अज्ञात’ लिहून मोकळे होण्याची सवय आहे. इथे बाई अज्ञात राहत नाही.

एक तक्रारही आहे. ओव्यांची विषयवार वर्गवारी झाली आहे : सीता, भाऊ, आई, विठ्ठल. दळणारी बाई मात्र एकाच बैठकीत सीतेवरून सासूवर आणि सासूवरून लेकावर जाते. विषयवार तुकडा कानी पडला की ती उडी हरवते, आणि खरे मन त्या उडीतच असते. ऐकण्याची मालिका करणाऱ्याने निदान एकदा तरी सबंध बैठक ऐकवावी.

आता आपल्या घराकडे वळू. जाते मुसलमानांच्या घरातही होते. दख्खनीत ‘चक्कीनामा’ हा काव्यप्रकारच आहे. विजापूरच्या सूफी परंपरेतील ही रचना दळताना गाण्यासाठी होती; सूत कातताना गायचा ‘चरखानामा’ही होता. रिचर्ड ईटन यांनी १९७४ च्या आपल्या निबंधात दाखवले आहे की सूफी विचार घराघरांत पोचला तो जाडजूड ग्रंथांतून नव्हे, दळणाऱ्या बायांच्या तोंडून. जात्याच्या खुंट्यात अलिफ पाहायचा, फिरत्या दगडाबरोबर जिक्र चालू ठेवायचा, अशी त्याची रीत.

आपल्या सभा-संमेलनांत यावरून ‘चक्कीनामा म्हणजे आमची ओवी’ असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. चक्कीनामा रचला पीरांनी आणि त्यांच्या मुरीदांनी. बाईने तो गायचा. त्यात तिला शिकवण आहे. ओवीत बाई स्वतः बोलते. सासुरवास, माहेर, अंगावरचे कष्ट सांगते. दोन्हींचे जाते एक, बोलणारा वेगळा. मग मुसलमान बाई स्वतःचे काय गात होती? हळदीची, मेहंदीची, पाळण्याची गाणी कोकणी, दख्खनी आणि मराठी बोलणाऱ्या आपल्या घरांत आहेत. उर्दूच्या तासाला ती येत नाहीत, कारण आम्ही गझलेपासून सुरुवात करतो. मराठीच्या तासाला ती ‘त्यांची’ ठरतात. आणि घरातला एखादा बुजुर्ग म्हणतो, गाणे कशाला, दुआ शिकवा.

आवाजाची खरी गरज इथे आहे. चक्कीनाम्याची हस्तलिखिते उर्दू लिपीत आहेत, ओव्या देवनागरीत. गोडदेवच्या एकाच गल्लीत उर्दू माध्यमाचा मुलगा आणि मराठी माध्यमाची मुलगी राहतात. एकमेकांचे पुस्तक त्यांना वाचता येत नाही. कान मात्र दोघांचे सारखेच. शेजारच्या आगरी घरातल्या लग्नात धवलारीण धवले म्हणते, तेव्हा माझे विद्यार्थी खिडकीत उभे राहून ऐकतात. शब्द अर्धे कळतात, चाल पूर्ण कळते.

म्हणून एका भागात चक्कीनामा आणि ओवी शेजारी-शेजारी ऐकवाव्यात. चक्कीनामा एखाद्या दख्खनी बोलणाऱ्या बाईकडूनच म्हणवून घ्यावा; रेडिओच्या शुद्ध उर्दू उच्चारात तो मरतो. हेल महत्त्वाचा. घरच्या नानीचे गाणे मोबाइलवर घ्यायचे तर आधी तिला सांगावे की हे कोण-कोण ऐकणार आहे. काही बाया नाव देतील, आवाज देणार नाहीत; काही आवाज देतील, नाव नको म्हणतील. दोन्ही नकार मानले पाहिजेत, मग तो भाग निघाला नाही तरी चालेल.