पाऊस जामीनदार

मराठी कवितेत निसर्ग मुबलक आहे. पाऊस तर इतका पडतो, की त्यातला दहावा हिस्सा आमच्या परभणीत पडला असता तर पीककर्जाचं टेबल बंद करून मी दुपारी झोपलो असतो.

बँकेत असल्यामुळे दिसेल त्याचं खातं उघडून पाहायची मला खोड आहे. त्या हिशेबानं निसर्गकवितेची दोन खाती पडतात : सेव्हिंग आणि पीककर्ज. सेव्हिंगवाला कवी शनिवारी महाबळेश्वरला जातो, दोन ढग नि एक धुकं काढतो आणि सोमवारी कामावर हजर. पीककर्जवाल्याला ढग दिसला की आधी बियाणं आठवतं, मग व्याज. उपमा सुचलीच तर सुगी झाल्यावर!

दुसऱ्या खात्यातले आमचे मातब्बर कवी इंद्रजित भालेराव. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि गाव तिकडं गेलं. कवी मात्र परभणीतच राहिले, हा आमचा निव्वळ नफा. त्यांचा पहिला संग्रह १९८९चा, नाव ‘पीकपाणी’. आता हे काय कवितासंग्रहाचं नाव झालं? पण आमच्याकडं ‘रामराम’नंतरचा दुसरा शब्दच तो. ‘काय म्हणतंय पीकपाणी?’ उत्तर ‘बरंय’ आलं तर पाऊस झालाय. ‘चाललंय’ आलं तर गडी कर्जाचं नवं-जुनं करायला आलाय. माणसाची खुशाली शेताच्या मार्फत विचारायची ही रीत ज्या भाषेत आहे, तिथं ‘मानव आणि निसर्ग यांचे नाते’ असा परिसंवाद भरवायची गरजच काय?

या कवितेची मातब्बरी मला इथंच वाटते. तिच्यात माणूस निसर्गाकडं ‘पाहत’ नाही. त्याला तेवढी सवडच नसते. बैल, औत, माती, बाईमाणूस सगळे एकाच कामाला जुंपलेले. ठेकाही ओवीचा, म्हणजे दळताकांडताना येणारा. गंगाखेडची जनाबाई याच जिल्ह्यातली. तिच्या अभंगात देवसुद्धा रिकामा बसत नाही, दळू लागतो. देवाची ही गत, तिथं चंद्राचं काय घेऊन बसलात!

मात्र एक तक्रार आहे. हा ठेका फार गोड आहे. सभागृहात ही कविता ऐकताना पंख्याखालची मंडळी मान डोलावतात, टाळ्या देतात आणि काबाडकष्ट चहासारखे घोटाघोटानं पिऊन घरी जातात. ‘दूर राहिला गाव’ हे त्यांच्याच एका संग्रहाचं नाव. गाव दूर राहिलं की ते साजरं दिसायला लागतं, आणि पीककर्जाचं खातं नकळत सेव्हिंगमध्ये वर्ग होतं. ही भीती कवीपेक्षा आम्हा पगारदार रसिकांमुळं जास्त.

उतारा त्यांच्याकडंच आहे. दुसऱ्या एका संग्रहाचं नाव ‘आम्ही काबाडाचे धनी’. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, क्षेत्र असतं, पीक असतं, बोजा असतो. काबाडाचा रकाना तेवढा नसतो. तो या कवितेनं भरला.

आमच्या फॉर्मवर जामीनदाराची सही लागते. या कवितेत जामीनदार एकच, पाऊस. आणि तो सहीला येईलच, असं कुणी लिहून देत नाही. तरी माणूस पेरतो. एवढं कळलं तरी पुस्तकाची किंमत वसूल, व्याजासकट.